परवा पोटात दुखलं

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१२ जानेवारी २०२५

आत्या,

उभी असशील तर आधी बस. शिलाई मशीन चालू असेल तर बंद कर, नाहीतर सुई बोटात घुसेल आणि नाव माझं होईल.

मला दिवस गेलेत.

लिहिलं एकदाचं. चार दिवस फोन हातात घेत होते आणि खाली ठेवत होते. फोनवर मी सगळ्यालाच 'मस्त' म्हणते, हे तूच म्हणतेस. आई गेली तेव्हापासून तुझा नियम आहे, की महत्त्वाचं असेल ते कागदावर आणि मराठीत. तर घे, कागदावर आणि मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ तू बघून घे, मला इथं शिकवलंच नाही कुणी.

नववा आठवडा चालू आहे. लग्नाला सात वर्षं झाली, आता कुणी विचारायचं पण बंद झालं होतं, आणि आत्ता हे. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली तर द्राक्षाएवढं काहीतरी, आणि त्याच्या मध्ये लुकलुक. हर्षवर्धन इतका मोठ्यानं हसला की बाहेर बसलेल्या बायकांनी दार उघडून पाहिलं. मग तोच रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं. म्हणजे पोटुशी मी आणि पाणी त्याला.

आता दुसरी गोष्ट. त्याच स्क्रीनवर बाळाच्या शेजारी एक गोल दिसत होतं. मी विचारलं, जुळं आहे का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही, ती गाठ आहे. फायब्रॉइड. गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ, मोठ्या लिंबाएवढी. कॅन्सर नाही. पुष्कळ बायकांना असते आणि बहुतेकींचं सगळं सुरळीत होतं. फक्त ती वाढली तर जागा कमी पडते, आणि कधीकधी बाळ वेळेआधी यायला बघतं, म्हणून लक्ष ठेवायचं. बाळ आत आहे तोवर तिला हात लावायचा नाही. म्हणजे आत्ता माझ्या पोटात दोघं राहतात, आणि घरमालक कोण, भाडेकरू कोण, ते अजून ठरलेलं नाही.

सासूबाईंनी तीन महिने कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय. पण 'कुणाला'मध्ये तू येत नाहीस.

तुझी
राणी

*

उदगीर
१८ जानेवारी

राणे, अगं राणे,

पत्र आलं तेव्हा मी एका नवऱ्या मुलीच्या ब्लाउजचं माप घेत होते. तिचा दंड धरूनच वाचलं. टेप तिच्या गळ्यात टाकून आत गेले, देवापुढं साखर ठेवली, बाहेर आले आणि त्या पोरीच्याही तोंडात साखर घातली. ती विचारते, मावशी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही बाई, तुझा दंड छान आहे.

दिवसभर माझं कशात लक्ष नाही. दोन बाह्या उलट्या लावल्या. उसवल्या आणि परत उलट्याच लावल्या. तुझा बाप हिम्मतराव आज असता तर त्यानं सगळ्या चिक्कडपल्लीला जेवू घातलं असतं.

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त शेजारच्या मालनबाईला सांगितलं. मालनबाईनं पण कुणाला सांगितलं नाही, फक्त तिच्या सुनेला.

आता त्या गाठीचं. अगं, पत्र असं लिहितात का? आधी 'कॅन्सर नाही' लिहायचं, मग 'गाठ' लिहायचं. आमच्या इकडं गाठ म्हटलं की माणसं आवाज खाली घेतात. मी तो शब्द वाचला आणि पुढच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर त्या पोरीचा दंड घट्ट आवळून धरला. मग पुढची ओळ वाचली आणि तुला दोन शिव्या दिल्या.

तू हवं ते खा, हवं तेवढं झोप, नवऱ्याला कामाला लाव. माझं एकच ऐक. जड उचलायचं नाही. घागर तर अजिबात नाही. कुणी कितीही म्हटलं, पाहुणे येऊ देत, घरात पाण्याचा थेंब नसू दे, घागर उचलायची नाही. बाकी मी काही सांगत नाही.

झबली शिवायला हात शिवशिवतायत, पण बाळ यायच्या आधी शिवायचं नसतं. म्हणून मालनबाईच्या पणतवाला शिवतेय. त्याचं आता कपाट भरलं.

तुझी आत्या
भामा

*

चिक्कडपल्ली
२६ एप्रिल

आत्या,

तीन महिने पत्र नाही म्हणून तू फुगून बसली असशील. फोनवर बोललो ते धरू नकोस, ते नुसतं मस्त-मस्त होतं.

बाळ लाथा मारतं! पहिल्यांदा मला गॅसेस वाटले. मग एका मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलेली डायरी हलली. खरंच हलली, पोटाला टेकून होती ना. समोरचा माझा साहेब बोलता बोलता थांबला. तेव्हापासून हर्षवर्धन रोज संध्याकाळी माझ्या पोटावर रिमोट ठेवून बसतो आणि पडला की टाळ्या वाजवतो. सहावा महिना चालू आहे. मी बंडीभर आंबे खाल्लेत.

गाठ पण वाढली. आता मोसंबीएवढी आहे. परवा पोटात असं दुखलं की मी मेट्रोच्या जिन्यातच बसले. एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं. अंग पण गरम झालं. एक रात्र दवाखान्यात ठेवलं. गाठ वाढते आणि तिला रक्त पुरत नाही, मग ती अशी चिडते म्हणे. औषधानं थांबलं. बाळ मजेत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोट घट्ट होऊन सैल व्हायला लागलं किंवा पाणी गेलं, तर वाट बघत बसायचं नाही, यायचं.

मे महिन्यात डोहाळजेवण ठरतंय. सासूबाई नारायणगुड्याहून हिरव्या बांगड्या आणणार, खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बायका त्यांच्या पद्धतीच्या आणणार. माझे हात कोपरापर्यंत भरणार. तू येच.

तुझी
राणी

*

उदगीर
१६ मे

राणी,

काल पोचले. गुडघे तिथंच बसमध्ये राहिलेत, बाकीची मी आले.

आता पंधरा दिवस तुझ्या घरी राहून जे नीट बोलता आलं नाही ते लिहिते, कारण तिथं सगळे हसण्यातच होते. तुझ्या त्या 'परवा'चं. माझ्या बाजूनं काय झालं ते तुला माहीत नाही.

पत्र हातात पडलं, वर तारीख बघितली, सव्वीस. परवा म्हणजे चोवीस. म्हणजे पोरगी चोवीस तारखेला जिन्यात बसली, रात्र दवाखान्यात काढली आणि मला रिमोटच्या गोष्टी लिहितेय. फोन लावला तर हर्षवर्धन म्हणतो, एकदम मस्त आहे आत्या, झोपलीय. तुमच्या घरातलं मस्त मला माहीत आहे! फोन ठेवला, मशीनवर कापड टाकलं, कुलूप लावलं. जहीराबादपर्यंत उभी होते. तिथं जागा मिळाली, तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का हो? मी तिच्याशी भांडले.

आणि दार कोण उघडतं, तर तू. हातात आंब्याची कोय, रस कोपरापर्यंत. मी म्हणते, अगं, परवा तुझ्या पोटात दुखत होतं ना? आणि तू म्हणतेस, "हौ, मार्चमध्ये."

मार्चमध्ये! वर तुझ्या सासूबाई मला समजावतात, की आमच्या हैदराबादमध्ये परसों म्हणजे काल सोडून मागचं सगळं, निजामाचं राज्यसुद्धा परसोंच गेलं. त्या परसों म्हणतात ते म्हणोत. तू ते उचलून मराठीत परवा करून टाकलंस आणि माझा जीव घेतलास.

मी तेव्हा चिडले होते आणि चिडूनच हट्ट धरला, हे मान्य. एवढ्या उन्हात काय तुझं आंबा खाणं बघायला आले? डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर तपासल्याशिवाय मी पाणी पिणार नाही म्हटलं. तू नुसती माझी समजूत काढायला आलीस, रिक्षात डोळे फिरवत होतीस, मी बघितलं. आणि निघालं काय? गर्भाशयाचं तोंड असायला हवं त्यापेक्षा आखूड झालेलं. ना दुखलं, ना खुपलं, तुला कळलंच नसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं आज आलात. रोज रात्रीचं औषध सुरू, ऑफिस घरून, जिने बंद. तेव्हा रिक्षात परत येताना तू माझा हात सोडला नाहीस.

म्हणजे तुझ्या चुकीच्या मराठीनं काम केलं. पण म्हणून आता तशीच लिहीत बसू नकोस.

डोहाळजेवणाला थांबले नाही म्हणून तू रुसलीस. लग्नसराईचे ब्लाउज अडकलेत गं. नवऱ्या मुली उघड्या दंडांनी बोहल्यावर चढवू का? तुझ्या सासूबाई आहेत, बायका आहेत, मी नसले म्हणून काय बिघडतं. फोटो पाठव.

आत्या

*

चिक्कडपल्ली
१८ जून

आत्या,

फोटो हर्षवर्धननं पाठवले होते. बघितलेस का? मी सगळ्या फोटोत दाराकडे बघतेय. ब्लाउजचं कारण मला पटलेलं नाही, ते तुला माहीत असावं.

आता खरं लिहिते, आणि तारखेनं लिहिते. चौदा जूनला दुपारी पोट घट्ट व्हायला लागलं. घट्ट, सैल, परत घट्ट. मी वाट बघितली नाही. हर्षवर्धन मलकपेठला गेला होता, तर सासूबाईच मला रिक्षात घालून हिमायतनगरला घेऊन गेल्या. सिग्नलला रिक्षा थांबली की त्या रिक्षावाल्याच्या पाठीत बोट खुपसायच्या. बाळाला एकतिसावा आठवडा चालू आहे. दवाखान्यात मला कळा थांबायची औषधं दिली आणि दोन दिवसांत दोन इंजेक्शनं, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. कळा थांबल्या. काल घरी आले. चौतीस आठवड्यांपर्यंत जाऊ दे, डॉक्टरीणबाई म्हणतात, मग मला एवढी काळजी नाही. मी रोज सकाळी उठते आणि पोटाला म्हणते, आज पण राहा रे बाबा.

आत्या, मला भीती वाटते.

भेटायला बायका येतात आणि जाताना एक काहीतरी सोडून जातात. पपई खाल्लीस का? लिफ्ट नव्हती का? एक म्हणाली, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून पोरी हिंडतात, मग असंच होणार. मी हसून घेते. आणि मग एकटी पडले की वाटतं, खरंच लावत होते मी बॅग. मार्चपर्यंत रोज तो जिना चढले. मीच केलं का हे? तू डॉक्टरीणबाईंना विचारलं होतंस ना, जड घागर उचलल्यानं बाळ लवकर येतं का, तेव्हा मी भाषांतर करता करता हसले होते. हैदराबादमध्ये घागर कुठं आहे गं? त्या म्हणाल्या, एका घागरीनं असं काही होत नाही, गाठ जागा खाते, गर्भाशय ताणलं जातं, त्यात बाईचा काही दोष नसतो. आणि तू ते मला परत एकदा सांगायला लावलंस. तेव्हा मला तू भोळी वाटलीस. आता वाटतं तूच बरोबर होतीस. माझी घागर म्हणजे ती बॅग.

लवकर लिही.

राणी

*

उदगीर
२२ जून

राणी,

तुझं पत्र वाचलं आणि सुई खाली ठेवली. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. पोटुशा बाईला असलं सांगू नये, अपशकुन असतो. पण तू त्या बॅगेला दोष द्यायला लागलीस, आणि आता गप्प बसणं हाच मला अपशकुन वाटायला लागलाय.

मी बावीस वर्षांची होते. मला सातवा लागला होता. घरी पाहुणे होते, पाणी भरायचं होतं, मी विहिरीवरून घागर आणली. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, राणी. माझ्या दोन तळहातांत मावली असती. मला धरू दिली नाही. म्हणाले, इतकी नाजूक आहे, कापसात ठेवू. खोलीच्या त्या कोपऱ्यात ती सुपात होती आणि या कोपऱ्यात मी. तिचा आवाज येत होता, मांजराच्या पिलाएवढा. दुपारभर आला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा बंद झाला.

सासूबाई म्हणाल्या, घागर उचललीस म्हणून. त्यांनी एकदाच म्हटलं, पण मी ते रोज म्हटलं. पुढं पाच वर्षांनी लातूरला माझी पिशवी काढली तेव्हा डॉक्टरांनी गाठी निघाल्या म्हणून सांगितलं. चिंचोक्यांएवढ्या आणि एक चांगली आंब्याएवढी. पण त्या गाठींचा आणि त्या दुपारचा काही संबंध असेल हे मला कुणी सांगितलं नाही, आणि माझ्या डोक्यातही आलं नाही. मला घागर पुरली होती.

मग तुझ्या त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका घागरीनं असं होत नाही. म्हणून मी तुला परत सांगायला लावलं. मला नीट ऐकायचं होतं. तू हसत होतीस आणि मी टेबलाची कड धरून बसले होते. चाळीस वर्षं, राणी! आधी मला इतका राग आला की कुणावर काढू कळेना. मग रडू आलं, ते मी तुमच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आणि मग इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी मी तुझ्या सासूबाईंबरोबर पत्ते खेळले आणि जिंकले.

डोहाळजेवणाला थांबले नाही ते ब्लाउजसाठी नाही. डोकं म्हणत होतं थांब, पण पाय म्हणत होते, मूल गेलेली बाई अशा ठिकाणी नको. जुनी सवय आहे. रागावू नकोस.

आता ऐक. माझ्या वेळी कुणाला काही माहीत नव्हतं. तुझ्या वेळी सगळं माहीत आहे. गाठ माहीत आहे, इंजेक्शन दिलंय, लवकर आलं तर ठेवायला जागा आहे. पुढच्या वेळी कुणी बाई बॅग म्हणाली की तिला सांग, माझी आत्या उदगीरहून निघालीय आणि ती भांडकुदळ आहे.

वाचून झालं की हे फाडून टाक.

आत्या

*

चिक्कडपल्ली
२७ जून

आत्या,

फाडलं नाही.

आधी मी वाचलं. मग परत वाचलं आणि इतकी रडले की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटलं कळा सुरू झाल्या. तोंडानं सांगता येईना म्हणून त्यांना वाचून दाखवलं. तू रागाव हवं तर. त्यांना मराठी वाचता येत नाही, तेलुगू शाळेत गेल्या ना, पण ऐकताना एक शब्द सोडला नाही. 'कापसात' म्हटलं तिथं त्यांनी माझा हात धरला. सगळं झाल्यावर उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी लावत बसल्या.

काल ती बॅगवाली परत आली होती. मी तोंड उघडायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "बॅगनं काय होत नाय. एवढं बोलायचं असलं तर चहा पिऊन घरी जावा." मी उशीत तोंड घालून हसले. तुझं पत्र वाचल्यापासून मला भीती वाटते ती नुसती भीती वाटते, लाज नाही वाटत. यात किती फरक आहे ते तुलाच कळेल.

आणि ऐक, तेहतिसावा आठवडा उजाडला! गाठीनं खालची जागा अडवलीय म्हणून बाळ फिरलंच नाही, पाय खाली करून बसलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, ऑपरेशन करावं लागेल, रक्त तयार ठेवू, गाठ असली की रक्तस्राव जास्त होतो. मला त्याचं आता काही वाटत नाही. पायानं येऊ दे, डोक्यानं येऊ दे. रोज एक दिवस मिळतो आणि आम्ही तिघं पार्टी करतो. काल डबल का मीठा झाला, आज मिरची भजी. बाळाच्या नावाखाली हर्षवर्धनचं पोट माझ्यापुढं गेलंय.

तू बॅग भरून ठेव. ब्लाउज-बिब्लाउज काही ऐकणार नाही. तुझे पाय काय म्हणतात ते मला सांगू नकोस, त्यांना बसमध्ये घाल.

तुझी
राणी

*

तिसरा मजला, बायकांचा वॉर्ड
६ जुलै

आत्या,

सिस्टरनं कागद दिलाय. खाली बाळांच्या खोलीत फोन नेता येत नाही म्हणे, चिठ्ठी लिहा, मी नेते.

मला नीट आठवत नाही. काल सकाळी पाणी गेलं, ते आठवतं. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या मुलगी, आणि ती रडली. रडली ना? की मला तसं वाटलं? एक क्षण माझ्या गालाला लावली आणि नेली. मग रक्त खूप गेलं, दोन बाटल्या चढवल्या. आता रक्तस्राव थांबलाय, मी ठीक आहे, पण उठू देत नाहीत. उद्या बघू म्हणतात.

हर्षवर्धन म्हणतो, एक किलो नऊशे ग्रॅम. श्वास स्वतःचा स्वतः घेते, पण अंग गार पडतं, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती आणि आता कुणाच्या तरी छातीवर ठेवणार. सकाळी तो तिच्याजवळ बसला होता, आता औषधं आणायला गेलाय. सासूबाईंना खोकला झालाय म्हणून आत सोडत नाहीत. तू आल्याचं मला आत्ता कळलं. कधी आलीस? तिच्याजवळ कोण आहे? मला सगळं सांग, ती कशी दिसते ते सांग. मी इथं पडून छताला विचारतेय.

राणी

*

पहिला मजला, बाळांची खोली
६ जुलै, दुपार

राणी,

अक्षर वाकडं येईल. एकच हात मोकळा आहे आणि पुठ्ठा सिस्टरनं धरलाय.

मी आहे तिच्याजवळ. रडली, अगं, चांगली रडली, मघाशीही रडली, सगळ्या खोलीला ऐकू गेलं. काळंभोर जावळ आहे. नाक हिम्मतरावाचं, तेवढं एक सोसायला लागेल. तुझ्यासारखं कपाळाला आठी घालून झोपते. बोटांना नखं आहेत, राणी, एवढीशी, आणि सगळी आहेत, मी बघितली!

काल हर्षवर्धनचा फोन आला. या वेळी त्यानं मस्त म्हटलं नाही. सकाळी पोचले. खाली दारात सिस्टर विचारत होती, बाळाला अंगावर घ्यायला घरातली बाई कोण येणार? तुझ्या सासूबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. मी सवयीनं मागं सरले. भिंतीपर्यंत सरले. तर त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "ईनबाई, मागं कायकू सरता? तिला ऊब पायजे. जावा आत, तुम्हीच जावा."

हात कोपरापर्यंत धुवायला लावले, गाऊन दिला. आरामखुर्चीत मागं रेललेय. तुझी लेक माझ्या उघड्या छातीवर आहे, पोटाला पोट लावून, वरून कापडानं आम्हा दोघींना बांधलंय. कापूस नाही, सूप नाही, मी आहे. आधी मी हात पुढं नेत होते आणि मागं घेत होते. सिस्टर म्हणाली, अम्मा, घाबरू नका, ती तुम्हाला धरेल. आणि तिनं खरंच धरलं. माझ्या गळ्याजवळ मूठ आहे तिची. मघाशी सिस्टरनं तिचं अंग तपासलं. पाय गरम झालेत. म्हणते, पेटीपेक्षा इथं जास्त शांत आहे.

तू छताशी बोलू नकोस, झोप. रक्त भरून येऊ दे. उद्या तुला खाली आणतील आणि मी हिला तुझ्या हातात देईन, तेव्हा रडून घेऊ दोघी.

मला सिस्टर विचारत होती, हात अवघडला असेल, थोडा वेळ पेटीत ठेवू का? मी नको म्हटलं. इथं समोर खिडकी आहे, ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलंय. मी बघतेय त्याच्याकडे. हिचा श्वास चालू आहे, राणी, माझ्या छातीवर चालू आहे, आणि हिला माझ्याकडून कुणीही घेत नाहीये.

आत्या